चुकांचा मागोवा : डॉ. ओबेद सिद्दीकी

प्रास्ताविक

संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. त्या काळी छापखाना नव्हता. पोथी हवी असेल तर ती हाताने उतरून घ्यावी लागे. उतरताना एखादे अक्षर गळे, एखादा शब्द बदले, क्वचित एखादी नवी ओवीही आत शिरे. पुढचा लेखनिक त्या चुकांसह पोथी उतरी आणि त्यांत स्वतःच्या चुकांची भर घाली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

विद्यार्थी मित्रहो, अशीच नक्कल, अशीच चूक आणि अशीच दुरुस्ती सजीवांच्या पेशींमध्ये अहोरात्र चालू असते. जी चूक दुरुस्तीच्या नजरेतून सुटते, तिला शास्त्रज्ञ ‘उत्परिवर्तन’ म्हणतात. एकनाथांना चुका काढून टाकायच्या होत्या. या पाठात ज्यांचा परिचय आपण करून घेणार आहोत, त्या डॉ. ओबेद सिद्दीकी यांना मात्र चुका जपून ठेवायच्या होत्या, कारण पेशीचे कार्य समजून घेण्यासाठी त्यांच्याकडे तेच साधन होते. हा पाठ वाचल्यावर उत्परिवर्तन म्हणजे काय, पेशी आपला डीएनए कसा दुरुस्त करते आणि बंगळुरूतील एका मोठ्या संशोधन संस्थेची पाळेमुळे कोठे आहेत, हे तुम्हाला सांगता येईल.

पेशीतील पोथी

डीएनए हा दोन धाग्यांचा पीळ असतो. ए, टी, जी आणि सी अशा चार रासायनिक अक्षरांनी त्यातील मजकूर लिहिलेला असतो. ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी येते. त्यामुळे एका धाग्यावरील मजकूर कळला की दुसऱ्यावरील आपोआप कळतो. दुरुस्तीचे सारे रहस्य या साध्या रचनेत आहे. एक धागा बिघडला तर पेशी समोरचा धागा वाचून तो पूर्ववत करते.

माणसाच्या पेशीत आईकडून आणि वडिलांकडून प्रत्येकी सुमारे ३०० कोटी अक्षरे आलेली असतात. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी ही सर्व अक्षरे उतरून घ्यावी लागतात. हे काम करणाऱ्या विकराकडून साधारणतः लाखभर अक्षरांमागे एक चूक होते. त्यांतील बहुतेक चुका तो स्वतःच मागे वळून खोडतो. त्यानंतर दुसरी काही प्रथिने नवा धागा जुन्याशी ताडून पाहतात. एवढ्या तपासणीनंतर सुमारे १०० कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते. कोणत्याही लेखनिकाला किंवा छापखान्याला अशी अचूकता साधलेली नाही.

तथापि चुका केवळ नक्कल करतानाच होतात असे नाही. पेशीत पाणी असते आणि त्या पाण्याच्या संपर्काने ‘सी’ या अक्षराचे हळूहळू युरॅसिल या भलत्याच अक्षरात रूपांतर होत राहते. उन्हातील अतिनील किरणांमुळे शेजारशेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात. किरणोत्सारामुळे तर दोन्ही धागे तुटू शकतात. प्रत्येक प्रकारच्या बिघाडासाठी पेशीजवळ वेगळा कारागीर आहे. या कारागिरांचा शोध घेतल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उरलेल्या एखाद्या चुकीनेही मोठा अनर्थ होऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल आजार रक्तातील प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदलल्यामुळे होतो. परंतु चुका मुळीच झाल्या नसत्या तर सजीवांमध्ये बदलही झाला नसता आणि पृथ्वीवर बहुधा जीवाणूंखेरीज काहीच दिसले नसते.

गव्हाच्या शेतातून बुरशीकडे

ओबेद सिद्दीकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेत डाव्या चळवळीत भाग घेतल्याने त्यांना तुरुंगवासही घडला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ते गव्हावर काम करू लागले. एका हंगामात त्यांच्या प्रयोगाचे उभे पीक गारपिटीने झोडपून निघाले, अशी आठवण त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवली आहे. शेतकऱ्याच्या घरी गारपीट म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. संशोधकाचेही तसेच होते, कारण वर्षभराची वाट पाहणे वाया जाते. गव्हाऐवजी प्रयोगशाळेच्या बशीत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे ते वळले. उच्च शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक ग्विडो पाँटेकॉर्व्हो यांच्याकडे गेले.

तेथे त्यांनी ॲस्परजिलस नावाची बुरशी निवडली. तिचे लक्षावधी बीजाणू एका बशीत मावतात आणि काही दिवसांत प्रयोगाचे उत्तर मिळते. त्यांच्याजवळ बुरशीचे काही सदोष वाण होते. एका विशिष्ट जनुकातील बिघाडामुळे त्या वाणांना एक जीवनसत्त्वासारखा पदार्थ स्वतः तयार करता येत नसे. तो अन्नातून मिळाला नाही तर ती बुरशी वाढत नसे. आता अशी कल्पना करा की, एकाच पानाच्या दोन प्रती आहेत. एकीवर वरच्या ओळीत शाईचा डाग आहे, दुसरीवर खालच्या ओळीत. दोन्ही पाने मधोमध कापून योग्य तुकडे जोडले, तर एक निर्दोष पान हाती येते. दोन सदोष वाणांचा संकर केल्यावर नेमके असेच घडते. क्वचित एखादा बीजाणू निर्दोष निपजतो आणि तो त्या पदार्थाशिवायही वाढतो. दोन डाग एकमेकांपासून जितके दूर, तितकी अशी जुळणी वारंवार होते. म्हणून वाढलेले निर्दोष बीजाणू मोजले की जनुकाच्या आत कोणता बिघाड कोठे आहे याचा नकाशा काढता येतो. सूक्ष्मदर्शकातून जे दिसणे अशक्य होते, ते सिद्दीकी यांनी मोजणीने शोधले. या अदलाबदलीला ‘पुनर्संयोजन’ म्हणतात. ती जनुकात कोठेही सारख्याच प्रमाणात होत नसून एका टोकाकडून तिचा जोर अधिक असतो, असेही त्यांना आढळले.

पाठगत प्रश्न
१. डीएनएचा एक धागा बिघडल्यास पेशी तो कशाच्या आधारे दुरुस्त करते?
२. सिद्दीकी यांनी गहू सोडून सूक्ष्मजीवांची निवड का केली असावी?

एक चूक दुसरीला झाकते

ग्लासगोनंतर सिद्दीकी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे ई. कोलाय या जीवाणूवर काम चालू होते. आपल्या आतड्यांत असतो तोच हा जीवाणू. त्याच्या काही उत्परिवर्ती वाणांमध्ये एक विकर मुळीच तयार होत नसे. परंतु तोच सदोष जनुक जीवाणूच्या एखाद्या वेगळ्या वाणात नेला की विकर पुन्हा तयार होऊ लागे. जनुकातील चूक तशीच होती, तरी दुसऱ्या वाणातील काहीतरी तिला झाकत होते. हे निरीक्षण गॅरेन आणि सिद्दीकी यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले.

या कोड्याचे उत्तर पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. जनुकाच्या भाषेत वाक्य संपल्याची खूण असते. चुकीमुळे ही पूर्णविरामाची खूण वाक्याच्या मध्येच उमटली तर प्रथिन अर्धवट राहते. काही वाणांमध्ये मात्र तो अस्थानी पूर्णविराम ओलांडून पुढे वाचण्याची सोय असते. अशा पूर्णविरामांपैकी एक कोणत्या तीन अक्षरांचा आहे, हे १९६५ साली गॅरेन यांच्या आणि सिडनी ब्रेनर यांच्या प्रयोगशाळांनी निश्चित केले. त्यापूर्वीच सिद्दीकी मुंबईत परतले होते.

मुंबईतील वर्षे

डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तोपर्यंत मुख्यतः गणित आणि भौतिकशास्त्र यांचे संशोधन चाले. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने सिद्दीकी यांचे नाव भाभांना सुचवले. १९६२ साली सिद्दीकी यांनी या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. वय अवघे तीस. अमेरिकेत त्यांच्या विषयाला भरते आले होते आणि भारतात त्या विषयाची प्रयोगशाळा शोधूनच काढावी लागली असती. तरीही त्यांनी कुलाब्याची वाट धरली.

त्या वेळी पुनर्संयोजनाविषयी एक वाद होता. दोन जीवाणू जवळ येतात आणि एक दुसऱ्याला आपला डीएनए देतो. यातून जी नवी पिढी निपजते, तिच्यात दात्याचा डीएनए खरोखर जोडला जातो की केवळ त्याचा मजकूर उतरवून घेतला जातो? सिद्दीकी यांनी दात्याच्या डीएनएवर खूण केली आणि ती खूण पुढील पिढीत शोधली. दात्याचा डीएनए प्रत्यक्ष जोडला जातो, असे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. पुढे मॉरिस फॉक्स यांच्यासह त्यांनी हा प्रश्न आणखी खोलवर नेला. दात्याचा एकच धागा आत जोडला जातो, असा त्यांचा १९७३ मधील निष्कर्ष होता.

येथे एक अनपेक्षित धागा जुळतो. १९६५ साली कॅलिफोर्नियात क्लार्क आणि मार्ग्युलीस या संशोधकांना पुनर्संयोजन करू न शकणारे जीवाणू सापडले. ते अतिनील किरणांपुढे अगदी दुबळे ठरत होते. म्हणजे जी यंत्रणा डीएनएची अदलाबदल करते, तीच त्याची दुरुस्तीही करते. सिद्दीकी ज्याचा अभ्यास वारशाचे कोडे म्हणून करत होते, ते पेशीच्या जगण्याचेही साधन होते. माणसातही असेच आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी त्याच मजकुराची दुसरी प्रत समोर ठेवून ते सांधते. या कामातील दोन जनुके बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या नावांनी ओळखली जातात. त्यांत जन्मतः दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाचा व बीजांडकोशाचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. बुरशीच्या बशीत सुरू झालेले प्रश्न असे रुग्णालयाच्या दारापर्यंत येतात.

लुळी पडणारी माशी

चाळिशीच्या उंबरठ्यावर सिद्दीकी यांनी जीवाणूंचा जम बसलेला विषय सोडला. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. ज्या क्षेत्रात नाव झाले, ते सोडून नव्या क्षेत्रात पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायला फार थोडे विद्वान तयार होतात. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत सीमोर बेन्झर यांनीही असाच निर्णय घेतला होता. तेही जनुकांचे सूक्ष्म नकाशे काढत आले होते आणि आता वर्तनामागील जनुके शोधण्यासाठी फळमाशीकडे वळले होते. केळी जास्त पिकली की भोवती घोंघावणारी ती इवलीशी माशी. तिची पिढी सुमारे दहा दिवसांत पुरी होते. तिच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत आणि तेवढ्यावर ती उडते, वास ओळखते, जोडीदार शोधते.

सिद्दीकी आणि बेन्झर यांनी काही विलक्षण उत्परिवर्ती माश्यांचा अभ्यास केला. साधारण तापमानात त्या इतर माश्यांसारख्याच वावरत. तापमान २९ अंशांच्या आसपास नेले की त्यांतील काही लुळ्या होऊन पडत आणि गारवा मिळताच पुन्हा उठून चालू लागत. दोष स्नायूत आहे की चेतातंतूत, हा प्रश्न होता. त्यांनी विद्युत संदेशांचे मोजमाप केले. दोष चेतासंस्थेत असल्याचे दिसून आले. हा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी एका माशीतील बिघडलेला जनुक सोडियमचे कण आत घेणाऱ्या प्रथिनाचा आहे, हे १९८९ साली अन्य संशोधकांनी दाखवले. चेतातंतूतून संदेश धावतो तो अशाच प्रथिनांमुळे.

मुंबईत परतल्यावर सिद्दीकी यांनी वास आणि चव यांच्या जनुकांचा शोध आरंभला. यासाठी माश्यांना उत्परिवर्तन घडवणारे रसायन द्यायचे. ते डीएनएच्या ‘जी’ अक्षराला विकृत करते, नक्कल करताना त्याच्यासमोर चुकीचे अक्षर बसते आणि पेशीच्या दुरुस्तीतून काही चुका निसटतात. निसटलेल्या त्या चुकाच संशोधकाला हव्या असतात. मग हजारो माश्यांतून वास न येणारी किंवा चव न कळणारी माशी हुडकून काढायची. हे काम धान्य निवडण्यासारखे कंटाळवाणे, पण नजर मात्र सतत जागी ठेवावी लागते.

या कामात त्यांना एक उत्तम विद्यार्थिनी लाभली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म केनियात एका गोमंतकीय कुटुंबात झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिक्षण झाल्यावर, सिद्दीकी यांच्या संशोधनाच्या ओढीने त्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईला आल्या. दोन फाटे फुटलेल्या नळीत माश्या सोडून, कोणती माशी वासाच्या दिशेने जाते आणि कोणती गोंधळते, हे त्या पाहत. गुरुशिष्यांनी १९७८ साली वास आणि चव यांच्या उत्परिवर्ती माश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये याच प्रयोगशाळेने आणखी एक माशी जगापुढे आणली. साधी माशी साखरेकडे जाते आणि खारट टाळते, ही मात्र मिठाकडेही ओढली जाई. तिची गोड चव ओळखणारी चेतापेशी मिठालाही प्रतिसाद देत होती.

वास ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुके सस्तन प्राण्यांत १९९१ मध्ये आणि माशीत १९९९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळांना सापडली, हे येथे सांगितले पाहिजे. सिद्दीकी यांच्या गटाला तो मान मिळाला नाही. पण वासासारखी तरल संवेदना जनुकांच्या मार्गाने उलगडता येईल, असा विश्वास जेव्हा थोड्यांनाच वाटत होता, तेव्हा कुलाब्याच्या समुद्रकाठी हे काम चालू होते.

बंगळुरू

मुंबईत जागा अपुरी पडू लागली आणि जीवशास्त्राला स्वतंत्र संस्थेची गरज भासू लागली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच एक भाग म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभी बंगळुरूत ‘नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस’ उभे राहिले. सिद्दीकी तिचे पहिले संचालक झाले. शहराच्या उत्तर भागात, कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात आज तिच्या इमारती आहेत. गव्हाच्या शेतापासून निघालेला संशोधक शेवटी कृषी विद्यापीठाच्याच आवारात स्थिरावला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. व्हेरोनिका रॉड्रिग्जही पुढे येथे आल्या. २०१० साली बंगळुरूतच त्यांचे निधन झाले.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. उमेश वार्ष्णेय यांच्या प्रयोगशाळेने डीएनएच्या दुरुस्तीचा वेगळा पैलू हाती घेतला. क्षयरोगाच्या जीवाणूच्या डीएनएमध्ये जी आणि सी ही अक्षरे फार आहेत. त्यामुळे सी चे युरॅसिल होण्याचा धोकाही त्याला अधिक. शिवाय तो आपल्या शरीरातील भक्षक पेशींच्या आत राहतो आणि त्या पेशी त्याच्यावर रसायनांचा मारा करत असतात. या प्रयोगशाळेने क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भाईबंदातून युरॅसिल काढणाऱ्या विकराचा जनुक निकामी केला. त्या जीवाणूत उत्परिवर्तने वाढली आणि उंदराच्या भक्षक पेशींत तग धरण्याची त्याची शक्ती घटली, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडू नये असे डॉक्टर बजावतात, त्याचेही कारण या विषयातच आहे. क्षयजंतूचा औषधाला होणारा विरोध त्याच्या स्वतःच्या डीएनएतील उत्परिवर्तनातूनच जन्मतो. अर्धवट उपचारात साधे जंतू मरतात आणि अशी ‘चूक’ झालेला जंतू मोकळ्या रानात वाढतो.

सिद्दीकी यांना १९८४ मध्ये पद्मभूषण आणि २००६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९८४ साली त्यांना सदस्यत्व दिले. सरोदवादनाची त्यांना आवड होती. संचालकपद सोडल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले आणि ऐंशीव्या वर्षीही माश्यांच्या वासावरील प्रयोग स्वतः करत. जुलै २०१३ मध्ये बंगळुरूत रस्त्यावर एका दुचाकीची धडक बसून ते जखमी झाले आणि २६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या संस्थेत डॉ. अंजना बद्रीनारायणन यांच्या गटाने जिवंत जीवाणूंमधील डीएनएची दुरुस्ती प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तुटलेला धागा आपल्या जुळ्या प्रतीचा शोध घेत पेशीत कसा फिरतो, हे चकाकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने टिपता येते. सिद्दीकी यांना १९६३ मध्ये जे केवळ मोजणीवरून ताडावे लागले होते, ते आता पडद्यावर हलताना दिसते.

शब्दार्थ
विकर – पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
वाण – एकाच जातीतील वेगळा गुण असलेला प्रकार
बीजाणू – बुरशीचे सूक्ष्म बीज
चेतापेशी – संवेदना वाहून नेणारी पेशी
भक्षक पेशी – शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळणारी पेशी

स्वाध्याय
१. ‘शाईचा डाग पडलेले पान’ या दृष्टांताने लेखात काय समजावले आहे ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. पुनर्संयोजन आणि डीएनएची दुरुस्ती यांचा संबंध कोणत्या निरीक्षणावरून लक्षात आला?
३. तुमच्या परिसरातील आरोग्यसेविकेला भेटा. क्षयरोगाचा उपचार किती महिने घ्यावा लागतो व तो मध्ये का सोडू नये, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.